नेम बंदुकीचा की बाराचा?

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. मुलगा कोल्हापूर जिल्ह्यातला, पण नेमबाजीचे सुरुवातीचे धडे त्याने नाशिकमध्ये गिरवले. त्यामुळे आम्हा नाशिककरांनाही छाती फुगवायला निमित्त मिळाले. त्या आठवड्यात त्याची एकाग्रता, आईवडिलांचे कष्ट, रेल्वेतली नोकरी यांवर भरपूर लिहून आले. काडतुसाबद्दल मात्र फारसे काही वाचनात आले नाही.

या प्रकारात लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. पन्नास मीटरवरून तिथे गोळी पोहोचवायची तर हात आणि डोळा पुरत नाहीत. काडतुसे कारखान्यात बनतात, पण एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांच्या दोन लॉटमध्ये सूक्ष्म फरक असतो. एका रायफलीला मानवणारा लॉट शेजारच्या तशाच रायफलीला मानवेल याची खात्री नसते. म्हणून वरच्या दर्जाचे नेमबाज आपली रायफल घेऊन काडतूस कंपनीच्या चाचणी केंद्रावर जातात. तिथे नळी पक्की आवळतात, एकेका लॉटच्या गोळ्या झाडून पाहतात आणि ज्या लॉटची छिद्रे सर्वांत जवळजवळ पडतात त्याच्याच पेट्या विकत घेतात. युरोप-अमेरिकेतले शिकारी हेच काम घरी करतात. झाडलेल्या काडतुसाचे पितळी कवच जपून ठेवायचे, त्यात दारू मोजून भरायची, गोळी बसवायची आणि आपल्या रायफलीला कोणता बार मानवतो ते महिनोन्महिने शोधत राहायचे. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा गुन्हा आहे, त्यामुळे असा छंद आपल्या ओळखीचा नाही. पण हा शोध मात्र आपल्याला नवा नाही. त्याचा इतिहास आपल्या भाषेत आणि आपल्या मुलखात चांगला चारशे वर्षांचा आहे.

आधी शब्दच पाहू. ‘बंदूक’ हा अरबी ‘बुंदुक’. त्याचा मूळ अर्थ हेझलनट नावाचे कठीण कवचाचे फळ. पुढे त्या फळाच्या आकाराची मातीची किंवा शिशाची गोळी म्हणजे बुंदुक. ही गोळी खास धनुष्यातून मारून पाखरांची शिकार करत. बगदादचा अब्बासी खलिफा अन-नासिर (कारकीर्द ११८० ते १२२५) याने या गोळीबाजीला फुतुव्वत संघटनेच्या शिस्तीत बसवले होते. म्हणजे बंदूक हा शब्द मुळात हत्याराचा नाही, गोळीचा आहे. हत्यार नंतर आले आणि गोळीचे नाव त्याला चिकटले. ‘गलोल’ही त्याच घराण्यातली, फारसीतून आलेली. शिकार, बारूद, रंजक, निशाण हे शब्दही तिकडचेच. काडतूस आणि पिस्तूल हे पोर्तुगीज पाहुणे. आणि बंदुकीत एका वेळी जेवढी दारू नि गोळी भरतात त्याला मराठीत ‘बार’ म्हणतात. फारसीत बार म्हणजे ओझे, भार. ‘फुसका बार’ हा वाक्प्रचार आपण आज राजकारण्यांसाठी वापरतो, पण ठासणीच्या बंदुकीवर ज्याचा जीव अवलंबून होता त्याच्यासाठी तो विनोद नव्हता.

बुंदुक या शब्दाला धर्मशास्त्रातही जागा आहे. सूरह अल-माइदाच्या तिसऱ्या आयतीत, मार बसून मेलेले जनावर निषिद्ध ठरवले आहे. मातीची गोळी जनावराला भोसकत नाही, आपटते. म्हणून जुन्या फुकहांनी बुंदुकीने मेलेली शिकार हराम मानली. जीव असेपर्यंत गाठून जबह केली तरच ती हलाल. बारुदाची बंदूक आल्यावर प्रश्न पुन्हा उभा राहिला. शिशाची गोळी भोसकते की आपटते? यमनचे शौकानी (निधन १८३४) यांनी अशी शिकार जायज ठरवली. भारतीय उपखंडातल्या बहुतेक हनफी उलेमांनी मात्र जुनाच नियम लावला. याचा शिकाऱ्याच्या कामावर सरळ परिणाम होतो. त्याला गोळी अशी हवी की जनावर जागीच बसेल, पण सुरी घेऊन धावत पोहोचेपर्यंत त्याच्यात धुगधुगी असेल. जखमी होऊन मैलभर पळालेले हरीण त्याच्या लेखी वाया गेले. नेमकेपणा हा त्याच्यासाठी हौसेचा विषय नव्हता, घासाचा होता.

आता ठासणीच्या बंदुकीत नेम नक्की कुठे असतो ते थोडक्यात सांगतो. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधीत गुंडाळलेली गोळी ठेवायची आणि गजाने ठासायची. दारूचा दाणा बारीक की जाड, ती किती, दमट की कोरडी, गोळी सैल की घट्ट, चिंधी जाड की पातळ, ठासताना जोर किती लावला, या प्रत्येक गोष्टीने गोळीचा वेग बदलतो. वेग बदलला की गोळी खाली-वर पडते. शिवाय हाताने घडवलेल्या दोन नळ्या कधीच सारख्या नसतात. म्हणून अनुभवी शिकाऱ्याचे माप त्याच्या बंदुकीपुरतेच खरे. दुसऱ्याची बंदूक हातात आली की हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

हा हिशेब दरबारी पातळीवर मांडून ठेवणारा माणूस म्हणजे अकबर. अबुल फज्लच्या ‘आईन-ए-अकबरी’त बंदुकांवर वेगळी प्रकरणे आहेत. ती वाचताना आपण बादशहाचे गुणगान वाचतोय की कारखान्याचे दप्तर, असा प्रश्न पडतो. पूर्वी लोखंडाचा पत्रा वाकवून त्याच्या कडा जोडत. नव्या पद्धतीत पत्रा तिरका पीळ देऊन गुंडाळायचा आणि वेढे एकमेकांवर चढवून तापवून जोडायचे. अबुल फज्ल म्हणतो की आधीच्या नळ्या पाव भागापेक्षा जास्त भरता येत नसत, नव्या तोंडापर्यंत भरून उडवल्या तरी फुटत नाहीत. घडवलेल्या नळीची परीक्षा बार भरून होई. गोळी वाकडी जाते असे दिसले तर नळी तापवून, आत दांडा घालून सरळ करत. प्रत्येक बंदुकीवर कच्च्या आणि तयार लोखंडाचे वजन, लोखंड कुठून आले, कारागीर कोण, कुठे आणि कधी घडवली, तिचा क्रमांक काय, हे सगळे नोंदलेले असे. उस्ताद कबीर आणि हुसेन या कारागिरांची नावेही त्याने लिहून ठेवली आहेत. आपल्याकडे ताजमहालाच्या गवंड्यांची नावे शोधावी लागतात, त्या मानाने लोहार नशीबवान म्हणायचे. नळ्या साफ करायला एक चाक होते. ते एका वेळी सोळा नळ्या घासायचे आणि त्याला गाय जुंपलेली असायची.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती शिकारीची नोंदवही. कोणत्या बंदुकीने किती जनावरे मारली याचा हिशेब कारकून ठेवत. बादशहाच्या खास बंदुकांत पहिली ‘संग्राम’. तिच्या नावावर १,०१९ जनावरे लागली होती. १५६८ मध्ये चित्तोडच्या वेढ्यात जयमल राठोड ज्या बंदुकीने मारला गेला ती हीच. जहांगीरनेही आपल्या आठवणींत तिचे कौतुक केले आहे. तोही बापासारखाच आकड्यांचा शौकीन. अकराव्या जुलूस वर्षापर्यंत आपल्यासमोर २८,५३२ जनावरे मारली गेली आणि त्यांतली १७,१६७ स्वतः मारली, असा हिशेब त्याने करवून घेतला. आज हे आकडे वाचून अंगावर काटा येतो आणि तो यायलाच हवा. मात्र त्यामागची सवय लक्षात घ्या. बंदुकीचे गुण नुसते सांगोवांगी मानायचे नाहीत, प्रत्येक बंदुकीचे वेगळे खाते ठेवायचे. आजचा नेमबाज लॉट निवडताना वेगळे काही करत नाही.

हाच शोध पुढे आपल्या शेजारच्या सातपुड्यात, तीनशे वर्षांनी, एका इंग्रजाने पुस्तकात मांडला. जेम्स फॉर्सिथ हा बंगाल स्टाफ कोअरचा अधिकारी. निमाडात, म्हणजे बऱ्हाणपूर ज्या जिल्ह्यात होते तिथे, त्याने जमाबंदीचे काम केले. पचमढीच्या पठारावर तो १८६२ मध्ये पोहोचला. मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरचे त्याचे पुस्तक १८७१ चे, त्याच वर्षी तो वारला. पण त्याआधी, १८६३ मध्ये, त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या या विषयावर एक छोटे पुस्तक लिहिले होते. त्याचा मुद्दा असा. लष्करी रायफली लांबच्या माऱ्यासाठी असतात. त्यांच्या नळीतल्या खाचांना पीळ जास्त असतो. अशा नळीत दारू वाढवली तर शिशाची गोळी खाचा सोडून नुसती घसरत बाहेर येते आणि नेम जातो. म्हणून दारू कमी ठेवावी लागते, आणि दारू कमी म्हणजे गोळी कमान टाकत जाते. कवायतीच्या मैदानावर अंतर मोजलेले असते, तिथे हे चालते. जंगलात सांबर ऐंशी पावलांवर आहे की सव्वाशे, हे कोण सांगणार? अंदाज चुकला की गोळी पाठीवरून जाते किंवा पोटात बसते, आणि पोटात गोळी बसलेले जनावर दोन दिवस तडफडून मरते. त्याचा उपाय होता पीळ अगदी कमी करण्याचा. १४ बोअरच्या नळीत १०४ इंचांत एक फेरा, जड गोल गोळी आणि भरपूर दारू. गोळी सरळ जाते, अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी चालतो. (बोअर म्हणजे नळीत बसणाऱ्या शिशाच्या किती गोळ्या मिळून एक पौंड होतो तो आकडा. म्हणून १२ बोअरची नळी १४ बोअरपेक्षा मोठी.)

फॉर्सिथचे गणित पक्के होते. पण सातपुड्यात हे गणित करणारा तो पहिला होता असे मानायला मी तयार नाही. त्याच्या आधी तीस वर्षे खानदेशात जेम्स औट्रम भिल्ल पलटण उभारत होता आणि वाघांमागून वाघ मारत होता. त्याला वाघ दाखवणारे भिल्लच होते. साहेबाच्या मागे उभे राहून दुसरी बंदूक भरून देणारा, कोणत्या नळीला किती दारू सोसते हे बोटांनी ओळखणारा माणूस त्या शिकारकथांत बहुधा ‘माझा शिकारी’ एवढ्याच नावाने येतो. अकबराच्या दप्तराने लोहारांची नावे लिहिली, एकोणिसाव्या शतकातल्या साहेबांच्या पुस्तकांनी बार भरणाऱ्यांची क्वचितच लिहिली.

आता १८५७. काडतुसाची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. गाईची आणि डुकराची चरबी, दातांनी तोडायचा कागद, मग बंड. ती इतक्यांदा सांगितली गेली आहे की एक साधा प्रश्न मागे पडला. मुळात काडतुसाला चरबी हवी कशाला होती? उत्तर नेमात आहे. जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीत गोळी सैल असे. ती भराभर भरता येई, पण शंभर यार्डांपलीकडे तिचा भरवसा नव्हता. १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीच्या नळीत तीन खाचा होत्या. नळी ०.५७७ इंचाची आणि गोळी ०.५६८ इंचाची. एवढ्याशा फटीत दारूची काजळी साचली की चार-दोन बारांनंतर गोळी आत जाईना. म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला चरबी आणि मेण लावले, म्हणजे गोळी सरकेल आणि काजळी मऊ राहील. शेकडो यार्डांवरचा नेमकेपणा त्या वंगणावर उभा होता.

हे सगळे जुळवले इंग्लंडच्या हवेत. हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात चरबी वितळून कागदात मुरे, गोळी कोरडी पडे आणि नळीत अडके. म्हणजे धर्माचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी तो बार या मुलखाला मानवणारा नव्हता. आणि धर्माचा प्रश्न बाजूला ठेवता येत नव्हता, कारण बार तोंडात धरणारा माणूस शिपाई होता आणि त्याला कोणी काही विचारलेच नव्हते. जानेवारी १८५७ च्या अखेरीस सरकारने हुकूम काढला की काडतुसे कोरडीच द्यावीत, शिपायांनी हवे ते वंगण स्वतः लावावे. पुढे दातांऐवजी हाताने कागद फाडण्याची कवायतही आली. तोवर संशय वंगणावरून कागदावर गेला होता. २४ एप्रिलला मेरठमध्ये घोडदळाच्या तिसऱ्या रेजिमेंटच्या ९० स्वारांपैकी ८५ जणांनी जी काडतुसे नाकारली ती एन्फिल्डची नव्हतीच, जुन्या पद्धतीची होती. त्या ८५ जणांत मुसलमानही होते आणि हिंदूही. वसाहतवादी इतिहासकारांनी याला अंधश्रद्धा म्हटले. बंड शमल्यावर इंग्रजांनी स्वतः काय केले ते पाहा. गोळी ०.५५ इंचापर्यंत बारीक केली आणि वंगणात चरबी घटवून मेण वाढवले. इतक्या बारीक गोळीला वंगणाची तेवढी गरजही उरली नाही. हीच सुधारणा दोन-तीन वर्षे आधी झाली असती तर काय, असल्या जर-तरला मी इतिहास मानत नाही. कारणे इतर पुष्कळ होती.

नाशिकच्या बाजूला काडतुसे हे निमित्त नव्हते. इथे भिल्ल उठले. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी सिन्नर तालुक्यातल्या नांदूर शिंगोटे इथे भागोजी नाईकाच्या लोकांशी झालेल्या चकमकीत पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री मारला गेला. भागोजी स्वतः पूर्वी पोलिसात होता. १८५९ च्या नोव्हेंबरात, सिन्नर भागातच, तो फ्रँक सूटरच्या तुकडीशी लढताना पडला. त्यानंतर आली नि:शस्त्रीकरणाची मोहीम आणि पुढे लॉर्ड लिटनचा १८७८ चा शस्त्र कायदा. परवान्याशिवाय हत्यार बाळगणे, बनवणे, दारूगोळा ठेवणे बंद. युरोपियनांना सूट. गावोगावच्या लोहार-शिकलगारांच्या हातातले माप तिथून पुढे एक तर विसरले गेले किंवा चोरीछुपे उरले.

बार भरण्याचे काम आता कारखान्याचे झाले. पुण्याजवळ खडकीला १८६९ मध्ये काडतुसांचा कारखाना सुरू झाला, तो आजही चालू आहे. पितळी काडतूस आले आणि शिकाऱ्याच्या हातून दारू, गोळी, चिंधी, गज सगळेच सुटले. कारखान्याने भरलेला बार हा सरासरीचा बार असतो, तुमच्या नळीचा नव्हे. तरीही त्यालाही इथल्या उन्हापुढे नमावे लागले. कॉर्डाइट नावाची धूर न करणारी दारू आली तेव्हा ती उष्णतेत जास्त जोर धरते हे लक्षात आले. विलायती कंपन्या मग हिंदुस्थान-आफ्रिकेसाठी कॉर्डाइट थोडे कमी घातलेली काडतुसे वेगळी काढू लागल्या. एन्फिल्डच्या वेळी न सुचलेली गोष्ट पन्नास वर्षांनी वाघाच्या शिकारीसाठी सुचली!

सरकारची भीती मात्र गेली नव्हती. लष्करी मापाची काडतुसे बंडखोरांच्या हाती पडू नयेत म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ०.३०३ आणि ०.४५० या मापांच्या खासगी रायफलींवर हिंदुस्थानात बंदी आली. लंडनच्या बंदूकवाल्यांनी लगेच ०.४६५, ०.४७० अशी नवी मापे काढली. आज जगभरचे शिकारी ज्या ०.४७० चे गोडवे गातात तिचा जन्म आपल्या इथल्या बंदीतून झाला. मध्यमवर्गीय शिकाऱ्याच्या वाट्याला ०.३१५ आली. मूळ ऑस्ट्रियन माप, लष्करी काडतूस त्यात बसत नाही म्हणून सरकारला पसंत. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या कारखान्याने तीच रायफल काढली आणि खडकीने तिची काडतुसे. परवानाधारकाला मिळेल ते काडतूस घ्यायचे आणि आपला नेम त्याला जुळवून घ्यायचा. पूर्वी बार नळीला जुळवत, आता माणूस बाराला जुळवतो.

एका क्षेत्रात मात्र हाताने मोजलेला हलका बार बराच काळ टिकला. पक्षिशास्त्रज्ञांना पक्षी अभ्यासासाठी मारावे लागत, आणि त्यांची कातडी शाबूत हवी असे. साध्या छऱ्याने मुनियाची पिसेच उरतील. म्हणून हे लोक धुळीसारखे बारीक छरे आणि जेमतेम दारू घातलेली काडतुसे वापरत. डॉ. सालिम अली यांनी १९३१-३२ मध्ये निजामाच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा औरंगाबादसह मराठवाडा त्याच राज्यात होता. त्यांची सुरुवातही बंदुकीनेच झाली, छरेवाल्या हवेच्या बंदुकीने. लहानपणी मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. ही चिमणी मुसलमानाला खायला चालेल का, अशी शंका आली म्हणून पोराने ती मामा अमिरुद्दीन तय्यबजींकडे नेली. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड साहेबांकडे पाठवले. पुढचे सगळ्यांना माहीत आहे. हलाल-हरामच्या एका प्रश्नाने देशाला पक्षिशास्त्रज्ञ दिला, हे आमच्या मौलवींनीही सांगायला हरकत नाही आणि आमच्या पुरोगाम्यांनीही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचा अध्याय संपला. तो संपला हे बरेच झाले. औट्रमने ज्या खानदेशात वाघ मारले तिथे आता वाघ दिसला तर बातमी होते.

बाराचा हिशेब मात्र नाशिकमध्ये अजून रोज होतो. फाळणीनंतर तोफखान्याची शाळा काकूलहून देवळालीला आली. तिचे आवाज पांडवलेण्यांपर्यंत ऐकू येतात. तोफेच्या कोष्टकांत प्रत्येक दारूभाराचा वेग एका ठरावीक तापमानाला धरून दिलेला असतो. म्हणून गोळा सोडण्याआधी जवान दारूचे तापमान मोजतात, त्या विशिष्ट तोफेची नळी किती झिजली आहे ते पाहतात आणि तेवढी दुरुस्ती करून मगच नेम धरतात. मे महिन्यातल्या दुपारी आणि डिसेंबरातल्या पहाटे एकाच तोफेसाठी उत्तर वेगवेगळे येते.